आबांना तीसपैकी अठरा: आता सही चालेल का?

गणपतीत चाकरमानी घरी आले की आरत्या आटोपल्यावर ओटीवर जमिनीचा विषय निघतोच. हल्ली जरा जास्तच. महामार्ग रुंद होतोय, किनाऱ्यालगतच्या कातळालाही गिऱ्हाईक विचारतंय, आणि सातबाऱ्यावर मात्र अजून डझनभर नावं सामाईक. त्यांतलं एक नाव ऐंशी ओलांडलेल्या आबांचं. आबा काल रात्री काय जेवले ते विसरतात, पण कुठल्या कलमाला कोणत्या साली पहिला मोहर आला ते बिनचूक सांगतात. मग कुणीतरी म्हणतं, "सही घेण्याआधी मेमरी टेस्ट करून घेऊया, उगाच मागाहून भानगड नको." बांबोळीला, कोल्हापूरला नाहीतर मुंबईला नेऊन टेस्ट होते. कागदावर येतं: ३० पैकी १८.

तिथून घरात दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, आता आबांच्या सहीला किंमत नाही. दुसरा म्हणतो, चार प्रश्न विचारून माणसाला वेडा ठरवता काय? हे आबा मी उदाहरणासाठी उभे केले आहेत, पण हा वाद कोकणात कुणाला नवा वाटू नये. दोन्ही पक्ष चुकतात. चाचणी एका प्रश्नाचं उत्तर देते आणि सहीच्या वेळी उभा राहतो तो प्रश्न दुसराच असतो. या दोन प्रश्नांमधल्या जागेत डॉक्टर, मानसशास्त्रज्ञ, वकील आणि घरचे सगळेच अडखळतात.

## टेस्ट घेणारा कोण आणि तो मोजतो काय

न्यूरोसायकॉलॉजी म्हणजे मेंदूतला बिघाड आणि माणसाचं विचार करणं, वागणं यांचा संबंध तपासणारी मानसशास्त्राची शाखा. न्यूरोलॉजिस्ट हा डॉक्टर असतो, तो एमआरआय पाहतो, औषध लिहून देतो. न्यूरोसायकॉलॉजिस्ट औषध देत नाही. मेंदूचा कुठला भाग आकसला आहे ते एमआरआयवर दिसतं. या माणसाला आज पैशांचा हिशेब जमतो का, हाती घेतलेलं काम शेवटाला नेता येतं का, ऐकलेली गोष्ट अर्ध्या तासाने आठवते का, हे मात्र माणसाला समोर बसवूनच कळतं.

यात दोन प्रकार आहेत आणि घोळ इथूनच सुरू होतो. पहिली असते दहा-पंधरा मिनिटांची चाळणी. १९७५ साली आलेली एमएमएसई आणि २००५ साली प्रसिद्ध झालेली मोका या जगभर वापरल्या जाणाऱ्या चाळण्या, दोन्ही तीस गुणांच्या. कुणाची पुढची तपासणी करायला हवी एवढंच त्यांनी सांगायचं असतं. दुसरी असते संपूर्ण तपासणी. तिला काही तास लागतात, वयस्क माणूस दमला तर ती दोन बैठकांत करतात. लक्ष, स्मृती, भाषा, आकृत्यांची जाण आणि बेत आखून तो पार पाडण्याची क्षमता हे सगळं तीत वेगवेगळं मोजतात. आबांच्या हातात आलेला कागद पहिल्या प्रकारचा आहे. त्यावर घरं फोडायची नसतात.

या चाचण्यांमधले शब्द, चित्रं, आकृत्या मी इथे मुद्दाम देत नाही. ही माहिती बाहेर फुटली तर चाचणीचा उपयोगच संपतो, म्हणून ती जपणं हे या व्यवसायात नीतीचं बंधन मानलं जातं. बाबांकडून यूट्यूब पाहून उत्तरं पाठ करून घेणारी मुलं असतात. प्रेमापोटीच करतात, पण त्यामुळे आजार लपतो आणि उपचार लांबतात. थोड्याच दिवसांत तीच चाचणी पुन्हा दिली तरी सरावाने गुण वाढू शकतात. मग "औषध लागू पडलं" म्हणून घरात पेढे वाटले जातात.

आपल्याकडे या तपासण्यांची गरज वाढत जाणार, यात शंका नाही. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासाच्या अंदाजानुसार भारतात साठीपुढच्या लोकांपैकी ७.४ टक्क्यांना, म्हणजे सुमारे ८८ लाख जणांना डिमेन्शिया आहे. डिमेन्शिया म्हणजे स्मृती आणि विचारशक्ती इतकी ढासळणं की रोजचे व्यवहार अडावेत. शहरांपेक्षा खेड्यांत आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांत हे प्रमाण जास्त आढळलं. तरणी मुलं मुंबई-पुण्याला गेलेल्या आपल्या जिल्ह्यांत हा आकडा कसा वाचायचा, ते वेगळं सांगायला नको.

## चौथी शिकलेली आजी आणि शहरातली मराठी

चाचणीचे गुण एकटे वाचता येत नाहीत. त्याच वयाच्या, तितक्याच शिकलेल्या निरोगी माणसांना साधारण किती पडतात, हे माहीत असल्याशिवाय अठरा म्हणजे कमी की जास्त ते कळत नाही. मोकामध्ये बारा वर्षं किंवा त्याहून कमी शिक्षण असेल तर एक गुण वाढवून देतात. बारावी झालेल्यालाही एक आणि कधी शाळेची पायरी न चढलेल्या आजीलाही एकच. जिने आयुष्यात पेन धरलं नाही तिला आकृती काढता आली नाही, तर त्यात मेंदूचा दोष किती आणि नसलेल्या शाळेचा किती?

हा प्रश्न आपल्याकडच्या तज्ज्ञांना जुनाच आहे. नव्वदच्या दशकात हरयाणातल्या बल्लभगडच्या खेड्यांमध्ये, लिहिता-वाचता न येणाऱ्या वृद्धांसाठी एमएमएसईचं हिंदी रूप तयार झालं. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने २००४ साली जो चाचणीसंच काढला, त्यात वय, शिक्षण आणि स्त्री-पुरुष यांनुसार तुलनेचे आकडे वेगवेगळे दिले आहेत. म्हणून रिपोर्ट हातात आल्यावर पहिला प्रश्न विचारायचा तो हा: तुलना कुणाशी केली?

भाषेचंही तसंच. घरात मालवणी बोलणाऱ्या आजीला शहरातल्या मराठीत भराभर सूचना दिल्या, तर ती विचारात पडते आणि चाचणी तिला "प्रतिसाद मंद" म्हणते. अशा वेळी शेजारी बसलेला मुलगा दुभाषा होतो आणि सूचना सांगता सांगता उत्तरही सुचवून टाकतो. जबाबदार तपासनीस नातेवाईकाला बाहेर बसवतो, चष्मा आणि कानाचं यंत्र आणलंय का ते विचारतो, रात्री झोप झाली होती का ते विचारतो. रात्रभर एसटीने प्रवास करून सकाळी अकराला टेस्टला बसवलेल्या माणसाचे गुण हे निम्मे प्रवासाचे गुण असतात.

उलट बाजूही आहे आणि ती जास्त धोक्याची. निवृत्त हेडमास्तर तीसपैकी अठ्ठावीस मिळवतात आणि घरी येऊन फोनवरच्या कुठल्याशा 'अधिकाऱ्या'ला बँकेतली ठेव पाठवून देतात. मेंदूच्या पुढच्या भागापासून सुरू होणाऱ्या डिमेन्शियात सुरुवातीला स्मृती शाबूत राहू शकते, जातं ते तारतम्य. चाळणीत तारतम्याला फारसे गुण नसतात.

## मग गुण कमी म्हणजे सही बाद का?

पावसाळ्याच्या तोंडाला हवामान खातं सांगतं, वारा ताशी ४५ ते ५५ किलोमीटर, मच्छीमारांनी समुद्रात जाऊ नये. आकडा खरा असतो. पण खाडीतून पलीकडच्या तीरावर जायचं आहे, किनाऱ्यालगत जाळं टाकायचं आहे की ट्रॉलर घेऊन खोल समुद्रात आठवडाभर जायचं आहे, यावर त्या आकड्याचा अर्थ बदलतो. तांडेल वारा पाहतो तशी होडी पाहतो, अंतर पाहतो, सोबत कोण आहे ते पाहतो. चाचणीचे गुण म्हणजे वाऱ्याचा वेग. निर्णय घेण्याची क्षमता म्हणजे हा वारा, ही होडी आणि हे अंतर यांचा मेळ.

तेच अठरा गुणवाले आबा मोतीबिंदूचं ऑपरेशन करायचं की नाही हे ठरवू शकतील. कुणाकडे राहायचं हेही. "घर धाकट्याला आणि बाग दोघी मुलींना" इतकं साधं मृत्युपत्र समजून-उमजून करू शकतील. पण बिल्डरने आणलेला वीस पानी विकसन करार, त्यातल्या अटी-शर्तींसकट, कदाचित त्यांच्या आवाक्याबाहेरचा असेल. तो किती जणांच्या आवाक्यातला असतो हा निराळा प्रश्न.

कायदाही निर्णयागणिक वेगळा विचार करतो. मानसिक आजारावरच्या उपचारांबद्दलचा निर्णय असेल तर मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ लागतो. त्यातली मानसिक आजाराची व्याख्या स्मृती आणि स्थळकाळाचं भान यांनाही कवेत घेते, म्हणून निर्णयशक्ती पार बिघडवणारा डिमेन्शिया तिच्यात बसतो. याच कायद्याचं कलम ४ म्हणतं, प्रत्येक माणसाला क्षमता आहे असंच धरून चालायचं, फक्त त्याला माहिती समजली पाहिजे, परिणामांची जाण पाहिजे किंवा बोलून, हावभावांनी, खुणेने आपला निर्णय सांगता आला पाहिजे. त्याच कलमात आणखी एक वाक्य आहे, ते दवाखान्यांच्या भिंतीवर लावावं इतकं मला महत्त्वाचं वाटतं: एखाद्याचा निर्णय इतरांना चुकीचा वाटला, एवढ्यावरून त्याला निर्णयक्षमता नाही असं ठरत नाही.

जमिनीचा करार असेल तर १८७२ चा करार कायदा पाहायचा. त्याच्या कलम १२ प्रमाणे करार करतेवेळी तो समजण्याची आणि आपल्या हितावर त्याचा काय परिणाम होईल हे तारतम्याने ठरवण्याची ताकद हवी. 'करतेवेळी' यावर सगळा भर. एरवी भान नसणारा माणूस भानावर असताना करार करू शकतो, असं हेच कलम स्पष्ट सांगतं.

मृत्युपत्रासाठी १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याचं कलम ५९ आहे, आणि त्यातली उदाहरणं आबांसाठीच लिहिल्यासारखी वाटतात. एका उदाहरणातला माणूस आजूबाजूला काय चाललंय ते ओळखतो, ओळखीच्या प्रश्नांना उत्तरं देतो, पण आपली मालमत्ता काय, नातलग कोण आणि कुणाला देणं योग्य याची त्याला नीट समज नाही. त्याचं मृत्युपत्र वैध होत नाही. दुसऱ्या उदाहरणातला माणूस अतिशय अशक्त, खंगलेला आहे, पण मालमत्तेची विल्हेवाट कशी लावावी याचा विचार करू शकतो. त्याचं मृत्युपत्र वैध. पाव्हण्यांशी गोड बोलतात म्हणजे आबा ठीक आहेत, हा पुरावा नव्हे, आणि अंथरुणाला खिळलेत म्हणजे संपलं, हाही नव्हे. (मुस्लिम कुटुंबांना मृत्युपत्राच्या बाबतीत त्यांचा वैयक्तिक कायदा लागतो. तिथे वारसांच्या संमतीशिवाय एक तृतीयांशाहून जास्त मालमत्ता मृत्युपत्राने देता येत नाही.)

## "पण रिपोर्टवर डिमेन्शिया स्पष्ट लिहिलंय!"

असू दे. २०१७ च्या कायद्याच्या कलम ३ मध्ये म्हटलं आहे की मानसिक आजाराचं निदान झालं एवढ्यावरून माणूस विकल मनाचा, म्हणजे कायद्याच्या दृष्टीने भानावर नसलेला, ठरत नाही. तसं सक्षम न्यायालयाने जाहीर करावं लागतं. निदान डॉक्टरचं, कायदेशीर दर्जा न्यायालयाचा. तज्ज्ञाचं मत हा पुरावा आहे, जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ३९ खाली तो येतो, पण न्यायाधीश त्या मताला बांधलेले नसतात. साक्षीदार काय सांगतात, कागद कुणी तयार केला, ज्याचा फायदा झाला तोच आबांना गाडीत घालून रजिस्ट्रार ऑफिसला घेऊन गेला होता का, हेही ते पाहतात.

शिवाय सगळंच विसरणं कायमचं नसतं. थायरॉइड, बी-१२ ची कमतरता, नैराश्य, रक्तातलं सोडियम घसरणं, लघवीचा संसर्ग, झोपेच्या गोळ्या, यांतल्या कशानेही म्हातारा माणूस काही दिवस भ्रमिष्टासारखा वागू शकतो आणि उपचारांनी पुष्कळसा सावरू शकतो. तापाच्या आठवड्यात घेतलेल्या टेस्टवर पुढच्या दहा वर्षांचे निर्णय बांधणं अन्यायाचं आहे. त्याच आठवड्यात अंगठा उठवून घेणं तर त्याहून अन्यायाचं, आणि हे प्रकार जास्त होतात असा माझा ग्रह आहे.

## फी मुलाने भरली, रिपोर्ट कुणाचा?

टेस्ट आबांची, गाडी मोठ्याची, फी धाकट्याची आणि कागद हवा आहे वकिलाला. अशा वेळी तपासनीस कुणाचा? व्यवसायाची नीती सांगते, खुर्चीत बसलेल्या माणसाचा. चाचणी सुरू करण्याआधी आबांना त्यांच्या भाषेत सांगायला हवं: ही तपासणी कुणी करायला सांगितली, कशासाठी, निकाल कोण कोण पाहणार, आणि तुम्ही नको म्हणू शकता. "जरा गप्पा मारूया, बसा" असं म्हणून चाचणी उरकणं म्हणजे फसवणूक, मग हेतू कितीही चांगला असो.

न्यायालयाने किंवा विमा कंपनीने तपासणी करायला लावली असेल तर गोष्ट बदलते. तिथे बोललेलं गुप्त राहणार नाही. पण तेही आधी सांगावं लागतं. आणि एकाच मानसशास्त्रज्ञाने वर्षभर आबांचा उपचार करायचा आणि मग त्यांच्याच दाव्यात तटस्थ तज्ज्ञ म्हणून उभं राहायचं, हे टाळायला हवं. ज्याच्याशी मन मोकळं केलं तोच साक्षीला आला, तर पुन्हा कुणी मन मोकळं करणार नाही.

२०१७ च्या कायद्याचं कलम २३ गोपनीयतेचा हक्क देतं. त्याला अपवाद आहेत: उपचार करणारे इतर तज्ज्ञ, नामनिर्देशित प्रतिनिधी (उपचारांच्या निर्णयांत रुग्णाच्या वतीने मदत करणारा माणूस), न्यायालयाचा आदेश, कुणाच्या जिवाला असलेला धोका. आबा अजून घाटातून गाडी हाकत असतील आणि तपासणीत त्यांना अंतराचा अंदाज येत नाही असं दिसलं, तर तो धोका घरच्यांना सांगता येतो, मात्र त्या धोक्यापुरताच. बाकीचा रिपोर्ट त्याबरोबर बाहेर काढायचा नाही.

## "आम्ही पोटची मुलं, आम्हालाही सांगायचं नाही?"

हा आक्षेप रास्त आहे. आपल्याकडे दवाखान्यात एकटा माणूस जात नाही, कुटुंब जातं, आणि शुश्रूषा करायची ती सूनच करते. शिवाय घरच्यांनी सांगितलेल्या हकिकतीशिवाय डिमेन्शियाचं निदान नीट होत नाही. गॅस चालू राहतो का, पैसे हरवतात का, रात्री उठून दार उघडतात का, हे त्यांनाच ठाऊक.

पण माहिती घेणं आणि माहिती देणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. घरच्यांकडून हवी तेवढी घ्या. देताना आबांना विचारा, आणि बहुतेक आबा "पोरांका सांगा, माका काय कळता" असंच म्हणतात. ते त्यांनी म्हणायला हवं, एवढंच. रिपोर्टचा फोटो 'आपलं घर' नावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायला ही परवानगी पुरत नाही. त्या ग्रुपवर चुलत चुलत्यांसकट सगळे भागीदार असतात.

दुसरी विनंती याच्या उलट असते: "डॉक्टर, त्यांनाच सांगू नका, खचतील." २०१७ च्या कायद्याचं कलम २२ रुग्णाला आपल्या आजाराची आणि उपचारांची माहिती, त्याला कळेल अशा भाषेत, मिळवण्याचा हक्क देतं. व्यवहारात चांगले तज्ज्ञ आधी आबांनाच विचारतात, किती जाणून घ्यायचंय. काहींना सगळं हवं असतं, काही हात हलवून विषय बदलतात. तोही निर्णयच. पण आजार सुरुवातीला असताना त्यांना अंधारात ठेवलं, तर जे काही ठरवायचं ते ठरवण्याचे दिवस त्यांच्या हातून आपणच घालवतो.

## कुलमुखत्यारपत्र केलंय, मग काळजी कसली?

इथे खूप घरं फसतात. आबांनी पाच वर्षांपूर्वी मोठ्याच्या नावे कुलमुखत्यारपत्र दिलं, आता आबांना काही समजेनासं झालं तरी ते चालत राहील, असा पक्का समज असतो. करार कायद्याचं कलम २०१ उलट सांगतं. अधिकार देणारा मरण पावला किंवा विकल मनाचा झाला की तो अधिकारही संपतो, काही मोजके अपवाद सोडले तर. म्हणजे कागदाची गरज खरी लागते त्याच दिवशी तो निकामी होतो. इंग्लंडसारख्या देशांत आजारानंतरही टिकणारं मुखत्यारपत्र करता येतं. आपल्या कायद्यात तशी सोय नाही, आणि माझ्या मते ही मोठी उणीव आहे.

नामनिर्देशित प्रतिनिधी नेमता येतो, पण तो उपचारांपुरता. बँकेतला नॉमिनी हा त्याहून वेगळा, आणि जमिनीला दोघांचाही उपयोग नाही. १९८७ च्या जुन्या मानसिक आरोग्य कायद्यात मालमत्तेच्या व्यवस्थापनासाठी जिल्हा न्यायालयात जाण्याची तरतूद होती. २०१७ च्या कायद्याने तो जुना कायदा रद्द केला आणि ती तरतूद नव्याने आणली नाही. नॅशनल ट्रस्टचा १९९९ चा कायदा स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व आणि बहुविकलांगता यांच्यासाठी आहे, त्यात डिमेन्शिया येत नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात मर्यादित पालकत्व आहे, पण त्याचा गाभा असा की पालकाने त्या माणसाच्या सोबतीने, त्याची इच्छा विचारात घेऊन ठरवायचं.

म्हणून पार भान गेलेल्या माणसासाठी कुटुंबं उच्च न्यायालयात रिट करतात. मुंबई उच्च न्यायालयाने अशा प्रकरणांत वैद्यकीय अहवाल मागवून पालक नेमले आहेत. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गकरांना त्यासाठी आता मुंबई गाठावी लागत नाही. ऑगस्ट २०२५ पासून हे दोन्ही जिल्हे कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे आहेत. रायगडला मात्र मुंबईच.

## अपघात, नुकसानभरपाई आणि मुद्दाम चुकणं

म्हातारपण सोडून दुसरा मोठा विषय महामार्गावरच्या अपघातांचा. पंचविशीतला मुलगा दुचाकीवरून पडतो, डोक्याला मार लागतो, टाके निघतात, सीटी स्कॅनमध्ये विशेष काही राहत नाही. पण तो आता चिडतो, तीन कामं सांगितली तर एक करतो, सुटे पैसे देताना गोंधळतो. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे हे दाखवायचं कसं? न्यूरोसायकॉलॉजीच्या अहवालाला इथे खरी किंमत येते. राजकुमार विरुद्ध अजय कुमार या २०१० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगून ठेवलंय की शरीराचं अपंगत्व किती टक्के आणि कमाईची क्षमता किती गेली, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. डावा हात गेला तर सुतार आणि चालक रोजगाराला मुकतात, कारकुनाची नोकरी टिकू शकते. मेंदूच्या इजेतही तेच. लक्ष टिकत नसेल तर टपरीवर चहा देणारा कसंबसं निभावेल, बोटीच्या इंजिनावरचा माणूस जीव गमावेल.

साहजिक शंका येते, पैशांसाठी कुणी मुद्दाम चुकीची उत्तरं दिली तर? ते तपासण्याच्या पद्धती आहेत. सोप्या, पण अवघड दिसणाऱ्या चाचण्यांत कुणी निव्वळ नशिबाने पडावेत त्याहूनही कमी गुण मिळवले, तर खरं उत्तर माहीत असूनही टाळलं असा संशय बळावतो. याहून जास्त खोलात शिरत नाही, कारण तेही गुपित राहायला हवं. पण संशय म्हणजे लबाडी सिद्ध होणं नव्हे. वेदना, अपुरी झोप, नैराश्य, सूचना न समजणं, कोर्टाची भीती, या सगळ्याने प्रयत्न ढिला पडतो. प्रामाणिक अहवाल "हे निष्कर्ष भरवशाचे नाहीत" एवढं लिहून थांबतो आणि फी कुणी दिली यावर त्यातला शब्दही बदलत नाही.

## मेंदू वाचून गुन्हा कळतो का?

थोडक्यात: इच्छेविरुद्ध नाही. २००८ साली पुण्याच्या सत्र न्यायालयातल्या एका खुनाच्या खटल्यात मेंदूच्या विद्युतलहरींच्या चाचणीचा आधार घेतला गेला आणि त्यावर परदेशांतही टीका झाली. पुढे ५ मे २०१० रोजी सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या निकालात सर्वोच्च न्यायालयाने नार्को, पॉलिग्राफ आणि ब्रेन मॅपिंग संमतीशिवाय करता येणार नाही असं ठरवलं. स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती नको, हा राज्यघटनेच्या कलम २०(३) चा हक्क त्यामागे आहे. संमती दिली तरी चाचणीचा निकाल आपोआप पुरावा होत नाही.

## आबांचं आता काय करायचं?

आधी टेस्ट कुणी घेतली ते पाहा. आपल्याकडे 'न्यूरोसायकॉलॉजिस्ट' अशी स्वतंत्र कायदेशीर नोंदणी नाही. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते आणि नोंदणी क्रमांक विचारण्यात कसलाही उद्धटपणा नाही. आठवडी कोर्स केलेला समुपदेशक किंवा मोबाइलवरचं ॲप यांचा कागद न्यायालयात टिकत नाही. शासकीय सोय हवी असेल तर राज्यातल्या चार प्रादेशिक मनोरुग्णालयांपैकी एक रत्नागिरीतच आहे, आणि प्राथमिक सल्ल्यासाठी टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मराठीतही उत्तर देतो. वकिलाची फी परवडत नसेल तर १५१०० या विधी सेवा क्रमांकावर विचारा. स्त्रिया आणि दिव्यांग व्यक्तींना मोफत वकील मिळण्याचा हक्क १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने दिला आहे.

मग निर्णय नेमका कोणता ते ठरवा आणि त्याच निर्णयाची क्षमता तपासून घ्या. "मानसिकदृष्ट्या तंदुरुस्त" असं एका ओळीचं सर्टिफिकेट, तेही आबांना न बघता दिलेलं, वादात उपयोगी पडत नाही. उपयोगी पडते ती तारीख, वेळ, भाषा आणि हजर असलेल्यांची नावं लिहिलेली नोंद, ज्यात प्रश्न आणि आबांचे स्वतःचे शब्द आहेत. तुमच्या नावावर काय काय आहे? मुलं किती, कोण कुठे असतं? या कागदाने काय होईल? मोठ्याला कमी का? दोन दिवसांनी पुन्हा विचारलं तर तेच सांगतात का? हे सकाळी, पोटभर नाश्ता झाल्यावर आणि ज्याला फायदा होणार आहे तो खोलीत नसताना. मृत्युपत्राला दोन साक्षीदार लागतात, ते ज्यांना काही मिळणार नाही असे घ्या. आबांना उठवत नसेल तर दुय्यम निबंधक घरी येऊ शकतात. मात्र समोरचा माणूस भानावर नाही असं त्यांना दिसलं, तर १९०८ च्या नोंदणी कायद्याचं कलम ३५ त्यांना दस्त नाकारायला सांगतं.

बक्षीसपत्र करायचंच असेल तर "देणाऱ्याला आमरण सांभाळायचं" ही अट त्यात लिहून घ्या. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याचं कलम २३ अशी अट मोडल्यावर दस्त रद्द करण्याचा मार्ग देतं, पण अट असेल तर.

आणि सगळं समजून घेऊन आबा "माका सही करूची नाय" म्हणाले, तर विषय तिथे थांबतो. समजतच नसेल तर सही घ्यायची नाही. वाटप करायचंच असेल तर दिवाणी दावा आहे, आणि त्यात दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३२, नियम १५ प्रमाणे न्यायालय चौकशी करून आबांच्या बाजूने उभा राहणारा पालक नेमतं. त्याला वेळ लागतो. पुढच्या गणपतीपर्यंत बहुधा होणार नाही.